टोपोशीट वाचताना: आधी पाणी, मग चढ, मग वाट, शेवटी वस्ती

भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे आपली टोपोशीट, समोर आली की बहुतेक जण गावांची नावे वाचायला लागतात. नावावरून गाव कोणते ते कळते, पण ते तिथेच का वसले हे कळत नाही. ते कळायचे तर कडेचा मजकूर, निळा रंग, तपकिरी रेषा, रस्ते आणि मग वस्ती या क्रमाने जा. उदाहरणाला सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याची पुण्याच्या दक्षिणेची ४७ एफ/१५ ही शीट घेऊ. सिंहगड, कात्रजचा घाट आणि खेड शिवापूरचे खोरे तिच्यात येते. ओपन सिरीजचे, म्हणजे सर्वांसाठी खुल्या मालिकेतले, नकाशे खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात. त्यांचे क्रमांक मात्र वेगळ्या पद्धतीचे असतात आणि या भागाचा क्रमांक ई४३ ने सुरू होतो.

कडेचा मजकूर

जुन्या क्रमांकात ४७ म्हणजे चार अंश रेखांश आणि चार अंश अक्षांशांचा चौकोन. त्याचे ए ते पी असे एकेक अंशाचे सोळा भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे पुन्हा १ ते १६ असे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे. मोजणी वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन आधी खाली उतरते, मग उजवीकडच्या रकान्यात जाते. म्हणून १५ च्या वर १४ (जुने पुणे शहर त्यात आहे) आणि डावीकडे ११ येतो. डावीकडे १४ असेल असे धरून चुकीची शीट मागवणारे दरवर्षी भेटतात. सिंहगड १५ च्या अगदी पश्चिम कडेला आहे, खडकवासल्याचा जलाशयही कडेपलीकडे जातो. त्यामुळे गडाचा पश्चिमेकडचा उतार पाहायचा तर ११ ची शीट शेजारी ठेवावीच लागते. शेजारच्या शीटांचा छोटा तक्ता तळाशी समासात छापलेला असतो.

सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत सर्वेक्षणाचे वर्ष लिहा, कारण नकाशावरची वस्ती त्या वर्षाची असते.

प्रमाण १:५०,०००, म्हणजे नकाशावरचे २ सेंमी जमिनीवर १ किमी. १५ मिनिटे अक्षांश म्हणजे सुमारे २७.७ किमी, म्हणून नकाशाची उंची साधारण ५५ सेंमी भरते. या अक्षांशावर १५ मिनिटे रेखांशाचे अंतर सुमारे २६.४ किमी, म्हणून रुंदी ५३ सेंमीच्या आसपास. इतका मोठा कागद घरच्या प्रिंटरमध्ये मावत नाही, तेव्हा ए-फोरवर छापला की नकाशा आक्रसतो. समासात मात्र १:५०,००० तसेच छापलेले राहते आणि सगळी अंतरे खोटी निघतात. छापील कागदावरच्या रेषाप्रमाणाला, म्हणजे किलोमीटरच्या खुणा असलेल्या छापील रेघेला, पट्टी लावा. १ किमीचा भाग २ सेंमी भरला तर ठीक. १ सेंमी भरला तर तुमच्या हातातला नकाशा १:१,००,००० चा झाला आहे. रेषाप्रमाण कागदाबरोबर आक्रसते, म्हणून प्रती काढलेल्या नकाशावर फक्त त्याच्यावरच भिस्त ठेवा. मोबाइलवर बोटाने मोठा केलेला नकाशा मोजायला घेऊच नये.

जाता जाता एक नेहमीचा घोळ: १:५०,००० हा १:१०,००,००० पेक्षा बृहत् प्रमाणाचा नकाशा. प्रमाण बृहत् तितका प्रदेश लहान आणि तपशील जास्त.

जागा सांगायची ती चौकटीतून

किमी-किमीवरच्या उभ्या-आडव्या रेषांवरून जागेचा संदर्भ द्यायचा. आधी उजवीकडे जा, मग वर. समजा मंदिर ८४ क्रमांकाच्या उभ्या रेषेच्या उजवीकडे आणि ३६ क्रमांकाच्या आडव्या रेषेच्या वर आहे. चार अंकी संदर्भ ८४३६. आता चौकटीच्या बाजूचे मनात दहा भाग करा. मंदिर उजवीकडे तीन भाग आणि वर सात भाग असेल तर सहा अंकी संदर्भ ८४३३६७. हा एक भाग नकाशावर २ मिमी, जमिनीवर १०० मीटर. म्हणजे सहा अंकी संदर्भाने तुम्ही शंभर मीटरपर्यंतच जागा सांगता. उत्तरात वर आधी आणि उजवीकडे नंतर लिहिले की जागा कुठल्या कुठे जाते, आणि गुणही.

पाणी आणि चढ

निळा म्हणजे पाणी, पण ओढ्यांपैकी बरेचसे काळ्या रेषेने दाखवलेले दिसतील. काळा ओढा पावसाळ्यानंतर कोरडा पडणारा असतो. देशावरच्या शीटमध्ये अशा काळ्या ओढ्यांचे जाळे असते आणि निळ्या रेषा मोजक्या. मग गाव पाणी कुठले पिते? गावाभोवतीचे विहिरींचे छोटे निळे गोल शोधा. ते ओढ्याच्या काठाने ओळीत आले असतील तर वस्तीचे कारण निम्मे सापडले. धरणाच्या भिंतीजवळ किंवा बांधाजवळ आकड्यापुढे रोमन लिपीतला आर असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, लगतच्या जमिनीपासूनची सापेक्ष उंची आहे.

तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला असतात आणि प्रत्येक पाचवी जाड असते. दोन जाड रेषांत १०० मीटर उंची. त्यांतले अंतर नकाशावर ४ मिमी भरले तर जमिनीवर ते २०० मीटर, म्हणजे दोनास एक असा चढ. तिथे ना शेत ना घर. तेच अंतर ४ सेंमी असेल तर २ किमीत १०० मीटर, वीसास एक, आणि तिथे शेताचा पिवळा रंग बहुधा दिसतो. रेषा टोक काढून वळतात तिथे घाई करू नका. टोक जास्त उंचीच्या बाजूला असेल तर दरी, कमी उंचीच्या बाजूला असेल तर डोंगराची सोंड. रेषांवरचे आकडे न वाचता नुसत्या आकारावरून ठरवले की हमखास उलटे होते. ओळखायची सोपी खूण: दरीच्या टोकातून ओढा जातो, सोंडेवरून जात नाही.

वाटा

लाल रस्ते, तुटक रेषांची गाडीवाट, ठिपक्यांची पायवाट. पायवाटा डोंगरात कुठे एकवटतात ते पाहा. दोन उंचवट्यांमध्ये समोच्च रेषा मागे सरल्या आहेत ती खिंड, आणि वाटा तिथूनच जातात.

घाटाची लांबी दोऱ्याने मोजा. जाड सुती दोरा ओला केला की वळणावर बसतो. दोऱ्याऐवजी कागदाची सरळ कडही चालते: प्रत्येक वळणाला पेन्सिलची खूण करून कड फिरवत जायची. मोजणी कमी भरते तेव्हा दोष चढाला दिला जातो, पण हिशेब करून पाहा. दहास एक चढाने अंतर जेमतेम अर्धा टक्का वाढते, ६ किमीत ३० मीटर. खरी तूट येते ती बारीक वळणे दोऱ्याने कापल्याने आणि मुळात नकाशातही ती सरळ केलेली असल्याने.

आता वस्ती

केंद्रित, विखुरलेली आणि रेषाकृती हे प्रकार पाठ असतात, पण नकाशावर कोणता हे ठरवायचे कसे? वस्तीच्या भागात ८ बाय ८ सेंमीचा चौकोन आखा, म्हणजे १६ चौरस किमी. घरांच्या चिन्हांचे लाल पुंजके किती आणि त्यांतली अंतरे किती ते पाहा. दोन-तीन मोठे पुंजके आणि मध्ये नुसती शेती असेल तर केंद्रित वस्ती. देशावरचे गावठाण असेच असते. सुटी घरे आणि छोटे पुंजके सगळीकडे शिंपडलेले असतील तर विखुरलेली. सह्याद्रीच्या माथ्यावरचे धनगरवाडे आणि सातपुड्यातले पाडे त्यात येतात. पुंजका रस्ता, नदी किंवा खाडीच्या कडेने लांबट पसरला असेल तर रेषाकृती. ४७ एफ/१५ मध्ये खेड शिवापूरच्या खोऱ्यात शिवगंगा नदी आणि मुंबई-बंगळुरू महामार्ग जवळजवळ जातात. तिथे वस्तीचा कल खोऱ्याच्या दिशेने आहे की नुसता रस्त्याच्या, हे तपासण्यासारखे आहे. संपूर्ण शीटला एकच प्रकार लिहून मोकळे होणे ही आळशी पद्धत. गडाचा पायथा, खोरे आणि शहराची कड यांना वेगवेगळे लिहा आणि प्रत्येक विधानापुढे चौकटीचा संदर्भ द्या.

लाल चौकोन मोजून घरे मोजू नका. ती सांकेतिक चिन्हे आहेत. तसेच नावे मोजून गावे मोजू नका. कोकणात एका महसुली गावात अनेक वाड्या असतात आणि नकाशावर प्रत्येक वाडीचे नाव स्वतंत्र असू शकते. जनगणनेत लोकसंख्या मात्र महसुली गावाची मिळते. उलट महसुली दप्तरात असलेले बेचिराख गाव जनगणनेत शून्य वस्तीचे येते.

लोकसंख्येची घनता काढताना गावाचे क्षेत्र टोपोशीटवरून अंदाजू नका. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत ते हेक्टरमध्ये दिलेले असते. १०० हेक्टर म्हणजे १ चौरस किमी. समजा गाव ८४० हेक्टरचे आणि लोकसंख्या २,१०० आहे. घनता दर चौरस किमीला २५० आली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५, म्हणजे गाव विरळ वाटते. पण लागवडीखाली ३०० हेक्टरच असतील तर शेतजमिनीवरचा भार दर चौरस किमीला ७०० होतो. डोंगराळ भागात हा दुसरा आकडाच कामाचा. पहिल्या आकड्यात कातळ आणि जंगलही धरलेले असते.

गाव की शहर, हेही नकाशावरच्या अक्षरांच्या आकारावरून ठरवू नका. २०११ च्या जनगणनेत महापालिका, नगरपालिका वा कटकमंडळ (कॅन्टोन्मेंट) नसलेल्या ठिकाणाला शहर धरायला तीन अटी होत्या: किमान ५,००० लोकसंख्या, घनता किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. त्यामुळे ग्रामपंचायत असलेले ठिकाणही जनगणनेत शहर असू शकते.

शहराच्या कडेला सर्वेक्षणाचे वर्ष सर्वांत महत्त्वाचे ठरते. जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावे घेतली गेली. त्यांत नऱ्हे, खडकवासला, नांदेड, कोळेवाडी, भिलारेवाडी होती. जुन्या शीटवर अशी गावे सुटी गावठाणे म्हणून दिसतील. जुना नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवून वाढ कुठल्या रस्त्याने सरकली ते आखा. दोन्ही एकमेकांवर चढवायचे असतील तर आधी खात्री करा: जुन्या शीट एव्हरेस्ट आधारावर आणि ओपन सिरीज डब्ल्यूजीएस ८४ या आधारावर आहेत. आधार (डेटम) म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायला धरलेला पृथ्वीचा आकार. आधार न बदलता अक्षांश-रेखांश जुळवले की गावे जागची हललेली दिसतात. जुळवणी तपासायला जुने देऊळ, धरणाची भिंत किंवा रेल्वेचा पूल यांसारख्या न हलणाऱ्या तीन-चार खुणा घ्या. ओढ्याचे वळण किंवा गावाचा मध्य घेऊ नका, ते बदलतात.