जावक नोंदवहीतले मोकळे क्रमांक: कार्यालयातला गैरप्रकार पहिल्याच पायरीवर कसा अडवावा

कार्यालयातला गैरप्रकार रोखायचा असेल, तर आधी वाईट माणसे हुडकण्याचा नाद सोडावा लागतो, कारण बहुतेक प्रकरणांची सुरुवात बऱ्यापैकी सरळ माणसांनी केलेल्या एखाद्या क्षुल्लक सवलतीने झालेली असते. 'सत्यम' या संगणक-सेवा कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात हेच दिसते: खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतली किरकोळ तफावत वर्षानुवर्षे फुगत गेली आणि अखेरीस रोकड व बँकशिल्लक मिळून ५,०४० कोटी रुपये केवळ कागदावर उरले.

हे कसे घडते, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांत सापडते. समोरच्याला विजेचा धक्का देण्याची आज्ञा (धक्के खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते) १५ व्होल्टपासून सुरू होई आणि प्रत्येक वेळी फक्त १५ने वाढे. गाजलेल्या एका फेरीत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. लोक अधिकाराला वचकतात, हा त्याचा नेहमी सांगितला जाणारा निष्कर्ष. मला मात्र पायरीची उंची अधिक महत्त्वाची वाटते. १५ला होकार दिलेल्या माणसाला ३०ला नकार देण्यासाठी आधी स्वतःचीच चूक कबूल करावी लागते.

म्हणून नजर ठेवायची ती पहिल्या पायरीवर. मार्च एंडला निधी व्यपगत होण्याच्या (न वापरल्याने हातचा जाण्याच्या) धास्तीने जावक नोंदवहीत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या वहीत, ३१ मार्चच्या नोंदींनंतर चार-पाच क्रमांक मोकळे सोडले जातात आणि एप्रिलमध्ये तयार झालेली पत्रे मागच्या तारखेने तिथे बसवली जातात. नव्या लिपिकाला खोटा कागद करायला कोणीच सांगत नाही. 'दोन-चार नंबर सोडून ठेव' एवढेच सांगितले जाते. तुम्ही विभागप्रमुख असाल, तर ३१ मार्चच्या संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून सही करा. मोठ्या नीतिप्रशिक्षणापेक्षा ही रेघ उपयोगी पडते. तीच गोष्ट खरेदीतल्या तीन कोटेशनांची: ती शेजारी ठेवून वाचा, आणि तिन्हींत शुद्धलेखनाची तीच ती चूक सापडली, तर ती एकाच हातची असल्याचा संशय धरून बिल तिथेच थांबवा.

स्वतःची तपासणी करण्यासाठी करणार असलेली गोष्ट कर्त्यासह लिहून पाहावी. 'बिल ॲडजस्ट केले' असे लिहून मन शांत राहते, पण 'मी न आलेल्या मालाची पोच दिली' असे लिहिताना हात अडखळतो.

साहेबांनीच सांगितले तर काय करावे? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सगळे एकमुखाने चुकीचे उत्तर देत असताना एकजण जरी खरे बोलला, तरी इतरांच्या मागे फरपटत जाण्याचे प्रमाण एकदम घटले; तेव्हा बैठकीआधी एका सहकाऱ्याशी बोलून ठेवावे. नकार देताना आरोप न करता पर्याय पुढे करावा: 'साहेब, आजची तारीख घालतो आणि उशिराचे कारण टिपणीत नोंदवतो, चालेल का?' तरीही आग्रह झाला, तर त्याच दिवशी 'आपल्या तोंडी सूचनेनुसार' अशी सुरुवात करून ईमेलने लेखी आदेश मागावा. पुष्कळदा सूचना तिथेच विरते.

ती विरली नाही, तर तक्रारीचा मार्ग आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदणी असलेल्या प्रत्येक कंपनीला दक्षता यंत्रणा (गैरप्रकाराची तक्रार करण्याची सोय) ठेवावी लागते, आणि योग्य किंवा अपवादात्मक प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येते. तक्रारीत कोणाच्या स्वभावाविषयी काही लिहू नये. नोंदवहीचे पान, जावक क्रमांक, तारीख आणि रक्कम एवढेच द्यावे, आणि पोच घेऊन तिची प्रत घरी ठेवावी.