थायरॉइडचा रिपोर्ट आला की आधी काय बघायचं

टीएसएच ८ आलं आणि बाजूला 'हाय' छापलेलं दिसलं की घरात लगेच 'थायरॉइड वाढलंय' सुरू होतं. बहुतेक वेळा उलटं असतं हो. टीएसएच थायरॉइड बनवतच नाही, ते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी सोडते आणि गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावते, रक्तात थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि भरपूर झालं की हात आखडता घेते. म्हणजे टीएसएच जास्त तर थायरॉइड बहुधा कमी पडतंय.

रेंज साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते, पण लॅबप्रमाणे बदलते, म्हणून स्वतःच्या कागदावरचीच बघा, शेजारणीच्या रिपोर्टशी तुलना नको.

मग फ्री टी४ बघायचं, म्हणजे थायरॉइड जे टी४ हार्मोन बनवतं त्यातलं रक्तात सुटं असलेलं. टीएसएच वर आणि फ्री टी४ खाली, तर थायरॉइड खरंच कमी पडतंय. टीएसएच जरासंच वर पण फ्री टी४ नॉर्मल, तर डॉक्टर बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी टेस्ट परत करायला सांगतात, लगेच गोळी चालू होईलच असं नाही. फ्री टी४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल किंवा कमीच, हे मात्र सोडून देऊ नका, कारण मग पिट्युटरीच नीट काम करत नसेल. 'टोटल टी४' वर फार जीव टाकू नका, रक्तातलं ९९ टक्क्यांहून जास्त टी४ प्रोटीनला चिकटलेलं असतं आणि पेशींच्या उपयोगाचं तेवढं सुटं, प्रेग्नन्सीत ते प्रोटीनच वाढतं मग टोटल फुगलेलं दिसतं.

आता टीएसएच जवळपास शून्य आणि टी४ भरपूर, हे कसं होतं ते भारी आहे. टीएसएच पेशीच्या आत जात नाही, थायरॉइडच्या पेशीवर बाहेर रिसेप्टर (निरोप घेणारं प्रोटीन) असतो त्याला जाऊन चिकटतं, आत सायक्लिक एएमपी (निरोप पुढे नेणारा छोटा रेणू) वाढतं आणि हार्मोन बनायला लागतं. ग्रेव्हज आजारात शरीराच्याच अँटीबॉडी त्या रिसेप्टरला चिकटतात आणि तो चालूच ठेवतात, पिट्युटरी बिचारी कधीच गप्प झालेली असते पण थायरॉइड थांबतच नाही.

टी४, टी३ चं वेगळंच. टी४ मध्ये आयोडीनचे ४ अणू, पेशी त्यातला एक काढून टी३ बनवतात, ते थेट न्यूक्लियसमध्ये जाऊन कुठली जीन्स चालू कुठली बंद ते ठरवतं. नवीन प्रोटीन बनायला वेळ लागतो, त्यामुळे गोळी सुरू करून चार दिवसांत थकवा जाईल ही अपेक्षाच चूक. शिवाय गोळीतलं टी४ निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, म्हणून डोस बदलल्यावर पुढची टेस्ट ६ ते ८ आठवड्यांनी, आधी करणं म्हणजे पैसे वाया.

गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने (हे आपल्याकडे कोणी पाळत नाही, पाळा). कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ४ तास लांब ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. टेस्टच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर गोळी घेतलेली बरी.

केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) खाताय? टेस्टच्या निदान २ दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा, त्याने काही मशीनवर टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येतं.

दिवस राहिले तर गोळी चालू असलेल्यांनी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना लगेच कळवायचं, डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. आणि पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडं खाली आलं तर घाबरू नका, प्रेग्नन्सीचं एचसीजी हार्मोन त्याच टीएसएचच्या रिसेप्टरला थोडंफार चालवतं.