गणपतीआधी अपघातस्थळांचा नकाशा करताय? आकडे तपासा

मुंबई-गोवा महामार्गावरचे धोक्याचे पट्टे गुगल माय मॅप्सवर टाकून गावच्या ग्रुपवर पाठवायचे असतील, तर घोळ हमखास अक्षांश-रेखांशात होतो. चिपळूण साधारण 17.53, 73.52. गुगल मॅप्स अक्षांश आधी देतं, केएमएल फाइलीत (नकाशावरच्या पिना साठवायची फाइल) मात्र रेखांश आधी लागतो. उलटं झालं की परशुराम घाटातलं वळण थेट नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात! माझी एकदा अशी चांगली बारा वळणं बुडाली होती.

दशांशचिन्हापुढे किमान 4 आकडे ठेवा; पिन साधारण 11 मीटरच्या आत बसते. दोनच ठेवले तर किलोमीटरभर इकडेतिकडे, आणि घाटात तेवढ्यात चार वळणं मागे पडतात.

‘ब्लॅकस्पॉट’ हा शब्द जपून वापरा. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटर पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू, असा सरकारी निकष आहे. बाकी ठिकाणी नुसतं ‘सांभाळून’ लिहा. जखमींची नावं, गाड्यांचे नंबर नकोत. लिंकला फक्त पाहण्याची परवानगी द्या, नाहीतर कोणीतरी पिन सरकवतोच. सोबत स्क्रीनशॉटही पाठवा, घाटात रेंज जाते.