‘हॅपी’ शिकवताना: आधी नशीब, मग आनंद

वहीत ‘हॅपी म्हणजे आनंदी’ एवढंच उतरवून घेतलं की मराठी माध्यमाचं पोर पुढे हमखास अडखळतं. म्हणून सुरुवात मुळापासून करा.

फळ्याच्या मधोमध ‘हॅप’ लिहा. हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून १२०० च्या सुमारास इंग्रजीत आला. अर्थ योगायोग, नशीब. भोवती त्याचं गणगोत मांडा: हॅपन (घडणं), परहॅप्स (कदाचित), मिसहॅप (दुर्घटना), हॅपलेस (दुर्दैवी). यात आनंद कुठंच नाही, हे पोरांना स्वतः हेरू द्या. ‘हॅप’ला वाय जोडून १४ व्या शतकाच्या अखेरीस ‘हॅपी’ झाला, तेव्हा त्याचा अर्थ होता नशीबवान. खूश हा अर्थ मागाहून आला.

जुना अर्थ आजही जिवंत आहे. ‘हॅपिली, द रेन केम आफ्टर वुई कव्हर्ड द क्रॉप.’ याचं भाषांतर ‘पाऊस आनंदाने आला’ असं होतं आणि घोळ होतो. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकून झाली आणि मग पाऊस आला, तर आपण ‘नशीब!’ म्हणतो. ‘हॅपिली’ वाक्याच्या सुरुवातीला येऊन पुढे स्वल्पविराम असला, की आधी ‘सुदैवाने’ लावून पाहा.

‘आय ॲम हॅपी टू हेल्प’ इथं आनंदापेक्षा तयारी आहे. यासाठी मराठीतलंच उदाहरण फार नेमकं आहे. ‘खुशाल’ फारसीतून आला, मूळ ‘खुश-हाल’, म्हणजे बरी स्थिती. पण ‘खुशाल जा’ म्हणताना आपण जायला हरकत नाही एवढंच सांगतो. शब्द असाच सरकतो. ‘नॉट हॅपी विथ द वर्क’ म्हणजे काम पसंत नाही. तिथं ‘दुःखी’ लिहू नका.

सगळ्यात जास्त चूक शब्दयोगी अव्ययामुळे होते. ‘गुरुजी माझ्यावर खूश आहेत’ यातल्या ‘वर’मुळे पोरं ‘हॅपी ऑन मी’ लिहितात. ‘हॅपी विथ मी’ हवं. ‘हॅपी फॉर यू’ म्हणजे तुझं भलं झालं, त्याचा मला आनंद.

लिहिताना पी दोन, उच्चारात एकच: ‘हॅप्पी’ नव्हे, ‘हॅपी’. पुढे अक्षरं जोडली की वायचा आय होतो: हॅपिअर, हॅपिली, हॅपिनेस. ‘मोर हॅपिअर’ मात्र चूक.