स्पायनल कॉर्ड इंज्युरीनंतर घरी मसाज करताना

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, मसाजने मज्जारज्जूची इजा भरून येत नाही, गेलेली ताकद परत येत नाही, आणि कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. पण खांदेदुखी, आखडलेले स्नायू, झोप, पोट साफ न होणं यात थोडा तरी आराम पडू शकतो, आणि माझ्या भावाची इतकी वर्षं मालिश करून सांगते, तेवढाही खूप असतो. फिजिओ आणि औषधं चालू ठेवूनच हे करायचं. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, ऑपरेशन ताजं असेल किंवा मणका अजून पक्का झाला नसेल तर पाठीला हातच लावू नका.

तेल घ्यायच्या आधी अंग नीट बघा. माकडहाड, बसायची हाडं, खुब्याच्या बाजू, टाचा. लाल डाग दिसला आणि वजन काढूनही जात नसेल तर ती बेडसोरची सुरुवात असते. पूर्वी लोक म्हणायचे चोळा म्हणजे रक्त खेळतं, तसं अजिबात करू नका, आतलं मांस अजून खराब होतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला किंवा गरम वाटला तर रक्ताची गुठळी असू शकते, मग मसाज नाही, लगेच दवाखाना. पहिल्या 3 महिन्यांत हा धोका जास्त असतो. आणि इजेच्या खालच्या बधिर भागात पेशंटला दुखत नाही त्यामुळे तो सांगणार नाही, तुम्हालाच बघावं लागतं.

खरा वेळ द्या तो खांद्यांना. व्हीलचेअर ढकलायची, बेडवरून खुर्चीत जाताना सगळं वजन हातावर घ्यायचं, म्हणजे पायांचं कामसुद्धा खांदेच करतात ना. मान, खांद्याची पाती, दंड, कोपराखालचा भाग, सगळीकडे सावकाश, तळहाताने, 15 मिनिटं. इथे संवेदना आहे म्हणून दाब किती हवा ते त्यालाच विचारा.

बधिर भागावर मात्र हात हलका. तिथली हाडं ठिसूळ झालेली असतात, पाय पिळणं, ओढणं, कडकड मोडणं नको. तेल कोमटच, आधी आपल्या मनगटावर बघून, आणि शेकायची पिशवी तर बिलकुल नको, चटका बसला तरी कळत नाही. पाय झटके देऊ लागला तर थापटू नका, दाबून पण धरू नका, हात तसाच ठेवून शांत होईपर्यंत थांबा.

मानेची इजा असेल तर बोटांबद्दल फिजिओला विचाराच. काही जणांना मनगट वर केलं की बोटं आपोआप मिटतात आणि त्यावरच ते वस्तू पकडतात, मनगट मागे आणि बोटं पण सरळ असं एकदम ताणलं तर ती पकड सैल पडते. चांगल्या मनाने केलेल्या मालिशने हे नुकसान होतं म्हणून एवढं सांगतेय.

पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, उजवीकडे खालून वर, मग आडवं, मग डावीकडे खाली. पोटात औषधाचा पंप किंवा नळी बसवली असेल तर सोडून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इजा छातीच्या 6व्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल आणि मध्येच डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर मसाज तिथेच थांबवा. बीपी एकदम चढलेलं असतं. अशा पेशंटचं नेहमीचं वरचं बीपी बरेचदा 90 ते 110 असतं त्यामुळे 140 सुद्धा त्याच्यासाठी जास्तच. त्याला ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे, पट्टे सैल करा, लघवीची नळी मुडपली नाही ना बघा. तरी उतरत नसेल तर इमर्जन्सी आहे, वाट बघत बसू नका.

झाल्यावर तेल पूर्ण पुसून काढा नाहीतर खुर्चीत जाताना हात सटकतो. अर्ध्या तासाने कातडी परत बघा, लाली तशीच असेल तर पुढच्या वेळी तो भाग वगळा.