कॅल्शियम वाढत नाही? आधी मॅग्नेशियम मोजा

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, रोज कॅल्शियम घालूनही टेस्ट किटचा आकडा ४०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०० भाग) वर सरकत नसेल, तर डोस वाढवत बसू नका. आधी मॅग्नेशियम मोजा. ते फार खाली गेलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातच एकत्र येऊन बसतात. हीटरवर, पंपाच्या पात्यांवर चढणारी पांढरी खरखरीत पुटं ती हीच. प्रवाळाच्या वाट्याला मग कमीच उरतं. मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास आणा, मगच कॅल्शियम ४२०पर्यंत न्या, तेही दिवसाला २०पेक्षा जास्त न चढवता. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे (पाण्यातलं कार्बोनेट वाढवणारे) डोस पाठोपाठ ओतू नका. चुन्याची निवळी द्यायची तर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचीच, पानाच्या चुन्याची अजिबात नको. ती रात्री थेंबथेंब सोडा, कारण तिने पीएच झपाट्याने चढतो.