दुबईत नव्याने आलेल्यांसाठी: अडीनडीची रक्कम आधी दिरहममध्ये उभी करा

दुबई, शारजा किंवा अबुधाबीत नोकरीसाठी नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना माझे पहिले सांगणे नेहमी एकच असते. पुण्यातल्या किंवा नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता, आईवडिलांना पाठवायचे पैसे आणि एसआयपी हे सगळे सुरू करण्यापूर्वी, निदान त्याच्या बरोबरीने तरी, इथल्या बँकेत आणि इथल्याच चलनात अडीनडीसाठी वेगळी रक्कम उभी करायला घ्या. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्यातल्या बहुतेकांची रीत नेमकी उलटी असते. पगार जमा झाला की दोन-तीन दिवसांत जास्तीत जास्त रक्कम गावी रवाना होते, दर चांगला मिळाल्याचे समाधान वाटते आणि महिनाअखेरीस इथल्या खात्यात जेमतेम किमान शिल्लक उरते. गावाकडे मालमत्ता वाढत असते हे खरे, पण इथे अचानक पंधरा हजार दिरहम उभे करायची वेळ आली तर त्या फ्लॅटचा तसूभरही उपयोग होत नाही.

भारतात नोकरी गेली तर पगार थांबतो, राहण्याचा हक्क थांबत नाही. इथे दोन्ही एकाच धाग्याला बांधलेले असतात. नोकरीबरोबर तुमचा व्हिसा रद्द होतो, तुमच्या नावावर असलेल्या पत्नीचा आणि मुलांचाही व्हिसा त्यापाठोपाठ अडचणीत येतो, आणि रद्द झाल्यानंतर देशात किती दिवस राहता येईल हे व्हिसाच्या प्रकारानुसार ठरते. ती मुदत ओलांडली की माणशी दररोज ५० दिरहम दंड सुरू होतो. त्याच काळात भाड्यापोटी आगाऊ तारखा घालून दिलेल्या चेकपैकी पुढचा चेक बँकेत पडायचा असतो, शाळेची सत्राची फी भरायची असते आणि थकबाकी असल्यास शाळा सोडल्याचा दाखला अडतो. म्हणजे खर्च एकामागून एक येत नाहीत, ते एकदम येतात, आणि येतात तेही पगार थांबलेला असतानाच. म्हणून ‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा’ हे सर्वत्र ऐकू येणारे सूत्र इथे आहे तसे लावून चालत नाही. आपल्याला कोणत्या तारखेला किती रोख लागेल, याचा विचार आधी करावा लागतो.

एक साधे उदाहरण घेऊ. दुबईच्या अल नाहदा वस्तीतले तिघांचे कुटुंब आहे, एकूण पगार १२,००० दिरहम आणि त्यातला मूळ पगार ६,०००. घरभाडे वर्षाला ६०,०००, चार चेकमध्ये, म्हणजे दर तीन महिन्यांनी १५,०००. महिन्याच्या हिशेबात भाड्याचे ५,०००, वीज-पाणी आणि त्याच बिलात येणाऱ्या पालिकेच्या गृहशुल्काचे ६००, किराणा १,५००, शाळा १,२००, प्रवास आणि फोन ७००, असे न टळणारे ९,००० धरू. या कुटुंबाचे पहिले लक्ष्य पुढचा एक चेक आणि तिघांची एकेरी विमानतिकिटे हे असले पाहिजे. गर्दीच्या दिवसांतले तिकीट माणशी १,००० धरले तर ही रक्कम १८,००० होते. उरलेल्या ३,००० मधून दरमहा १,२०० बाजूला काढले तर ती पंधरा महिन्यांत जमते, आणि तोपर्यंत गावी १,८०० च जातील हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगून टाकावे. त्यापुढचे लक्ष्य तीन महिन्यांचा खर्च आणि तिकिटे, म्हणजे ३०,०००. माझ्या मते या वेतनाच्या कुटुंबाने तिथे थांबावे आणि मग मोकळ्या मनाने भारतातली गुंतवणूक वाढवावी.

अर्थात पहिल्या दोन-तीन महिन्यांत काहीच साठणार नाही, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. घर घेताना भाड्याच्या ५ टक्के अनामत, बहुधा तेवढीच दलाली, इजारीची (म्हणजे भाडेकराराची सरकारी) नोंदणी आणि फ्लॅटसाठी देवाची २,००० दिरहम अनामत भरेपर्यंत हात रिकामाच होतो. (देवा म्हणजे दुबईचे वीज-पाणी मंडळ, नावावर जाऊ नका, बिल अगदी पृथ्वीवरचे असते.) चेक किती द्यायचे याचा निर्णय मात्र इथेच होतो. एका किंवा दोन चेकमध्ये घर थोडे स्वस्त मिळते, म्हणून लोक कर्ज काढून वर्षाचे भाडे एकदम भरतात. पहिल्या वर्षी असे करू नये. चार किंवा सहा चेक मिळत असतील तर थोडे जास्त भाडे देऊनही तेच घ्यावेत, आणि करारात मुदतीपूर्वी घर सोडण्याची अट लिहून घ्यावी. दोन महिन्यांच्या भाड्याइतका दंड देऊन सुटका होणार असेल, तर तो आकडा आपल्या हिशेबात धरता येतो. अट लिहिलेलीच नसेल तर सगळे घरमालकाच्या मर्जीवर राहते.

‘नोकरी गेली तर विमा आहे, ग्रॅच्युइटी आहे’ असे म्हणणाऱ्यांनी आकडे मांडून पाहावेत. १ जानेवारी २०२३ पासून नोकरी गमावण्याचा विमा सक्तीचा झाला आहे. मूळ पगार १६,००० पर्यंत असेल तर त्याचा हप्ता महिना ५ दिरहम आहे आणि तो न घेतल्यास ४०० दिरहम दंड होतो, तेव्हा तो घ्यावाच. पण भरपाई मूळ पगाराच्या ६० टक्के आणि जास्तीत जास्त तीन महिने मिळते, म्हणजे वरच्या कुटुंबाला महिना ३,६००, जे भाड्यालाही पुरत नाही. शिवाय सलग बारा महिने हप्ते भरलेले असले पाहिजेत, स्वतः राजीनामा दिला किंवा शिस्तभंगावरून काढले तर काहीच मिळत नाही, आणि नोकरी संपल्यापासून तीस दिवसांच्या आत दावा करावा लागतो. म्हणजे नव्याने आलेल्याच्या पहिल्या वर्षी हा विमा केवळ नावापुरता असतो. ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच मोजली जाते: एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. तीन वर्षांनंतर या गृहस्थांना १२,६०० दिरहम मिळतील. कायद्याने सगळी देणी चौदा दिवसांत चुकती व्हायला हवीत, पण अडचणीत आलेली कंपनीच माणसे कमी करत असते, त्यामुळे त्या तारखेवर आपला चेक अवलंबून ठेवू नये. परतीचे तिकीट साधारणतः मालकाने द्यायचे असते, पण ते कर्मचाऱ्याचे; कुटुंबाचे आपल्यालाच पाहावे लागते.

नव्या माणसाला सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट कर्जाची आहे. पगार सुरू होऊन काही महिने झाले की बँकेचे फोन येऊ लागतात, आणि पगाराच्या वीस पटीपर्यंत, चार वर्षांच्या मुदतीने वैयक्तिक कर्ज मिळू शकते. ते घेतले आणि पुढे नोकरी सुटली, तर कंपनीकडून आलेली शेवटची देणी जमा होताच बँक सहसा खाते गोठवते आणि आधी आपले कर्ज वळते करून घेते. म्हणजे ज्या पैशांवर तिकिटे आणि भाडे काढायचे ठरवलेले असते, तेच हाताला लागत नाहीत. म्हणून अडीनडीची रक्कम पगाराच्या खात्यात मुळीच ठेवू नये. जिथे आपले कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नाही अशा दुसऱ्या बँकेत बचत खाते उघडावे आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी तिकडे स्थायी सूचनेने रक्कम जाईल अशी व्यवस्था करावी. अनेक बँकांच्या साध्या खात्यात ३,००० दिरहमची किमान शिल्लक लागते आणि ती नसेल तर दरमहा शुल्क कापले जाते, तेवढे उघडण्यापूर्वी विचारून घ्यावे. क्रेडिट कार्डाला मात्र कोणी आपत्कालीन सोय समजू नये, कारण इथले व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असते.

ही रक्कम कशासाठी मोडायची, हे घरात आधी ठरलेले असावे. जुलैतली भारतवारी, गाडीच्या नोंदणीचे वार्षिक नूतनीकरण, मुलाच्या शाळेचे गणवेश हे अनपेक्षित खर्च नव्हेत. त्यांच्या तारखा आपल्याला वर्षभर आधी माहीत असतात आणि त्यांचे पैसे वेगळे काढायचे असतात. खरा अनपेक्षित खर्च १६ एप्रिल २०२४ चा. त्या दिवशी अमिरातीत ७५ वर्षांच्या नोंदींतला सर्वाधिक पाऊस झाला, रस्ते आणि तळमजल्यांची पार्किंगे पाण्याखाली गेली, आणि ज्यांच्या गाड्यांना केवळ तिसऱ्या पक्षाचा (थर्ड पार्टी) विमा होता त्यांना दुरुस्तीचा एक दिरहमही मिळाला नाही. दुखण्याचेही तसेच आहे. दुबईत कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा कंपनीने काढायचा असतो, कुटुंबाचा मात्र ज्याच्या नावावर व्हिसा आहे त्याने. मूलभूत पॉलिसीत डॉक्टरकडे जाताना २० टक्के आपल्याला भरावे लागतात आणि दाताची कामे बहुधा त्यात बसत नाहीत. दाढेच्या रूट कॅनालचा खर्च ऐकून अनेक जण वेदनाशामक गोळ्यांवर भारतवारीची वाट पाहतात, आणि ते मला अजिबात शहाणपणाचे वाटत नाही.

‘पैसे भारतात एनआरई (म्हणजे अनिवासी भारतीयांच्या) ठेवीत ठेवतो, व्याजावर तिथे कर नाही, लागले की परत आणीन’ हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, पैसे परत यायला कामाचे काही दिवस जातात, आणि मुख्य म्हणजे दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की तोटा आपलाच होतो. २०१५ च्या सुमारास साडेसतरा रुपयांच्या आसपास असलेला दिरहम २०२४ च्या अखेरीस २३ च्या घरात गेला होता. जे देणे दिरहममध्ये आहे त्यासाठी रुपयांत बचत करण्यात म्हणूनच अर्थ नाही. दुबईतल्या देऱ्याच्या सोनेबाजारातून घेतलेले दागिने विकताना मजुरी बुडते. ओळखीतल्या भिशीचे म्हणाल तर अडचण येते फेब्रुवारीत आणि आपला नंबर लागतो ऑक्टोबरमध्ये, आणि आधीच उचल घेतलेला एखादा सभासद मधेच देश सोडून गेला तर त्याच्याकडून वसूल कसे करणार हेही विचारून पाहावे.

भारतात थोडी रोख मात्र जरूर हवी, ती आईवडिलांच्या दुखण्यासाठी. रात्री रुग्णालयाने अनामत मागितली तर इथून पैसे पाठवून ते पोचेपर्यंत थांबता येत नाही. अमिरातीच्या मोबाइल क्रमांकावर आता एनआरई किंवा एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या) खात्याचे यूपीआय चालू करता येते, तेव्हा लाख-दीड लाख रुपये साध्या बचत खात्यात ठेवावेत, ठेवीत नव्हे, आणि गावातल्या भावाला किंवा बहिणीला खाते चालवण्याचा अधिकार बँकेत रीतसर नोंदवून द्यावा.

शेवटची सूचना पत्नीच्या किंवा पतीच्या खात्याची. खातेदाराचे निधन झाले की इथल्या बँका वारसाची न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत खाते गोठवतात, आणि संयुक्त खात्यातही अडचण येऊ शकते. नोकरी न करणाऱ्या जोडीदाराचेही स्वतंत्र खाते रहिवासी ओळखपत्रावर उघडता येते. वरच्या उदाहरणातल्या ३०,००० पैकी निदान एक महिन्याचा खर्च आणि तिकिटांचे पैसे, म्हणजे १२,००० दिरहम, त्या खात्यात असावेत, त्याचे कार्ड आणि पिन जोडीदाराकडेच असावे, आणि घराचे पुढचे चेक कोणत्या तारखांचे आहेत याचा कागद दोघांनाही सापडेल अशा जागी ठेवावा.